गव्हाच्या कोंड्यातून लोव्हास्टॅटिन: आठ दिवसांची बॅच

लोव्हास्टॅटिन प्रयोगशाळेत बनवायला लागणारा मुख्य कच्चा माल नाशकात पशुखाद्याच्या दुकानात पोत्याने मिळतो. गव्हाचा कोंडा. त्यावर ॲस्परजिलस टेरियस ही बुरशी आठ दिवस वाढवायची, मग कोंडा वाळवून दळायचा आणि त्यातलं कोलेस्टेरॉल उतरवणारं द्रव्य सॉल्व्हंटमध्ये काढून घ्यायचं. आमच्या बॅचेसमध्ये जे जे बिघडलं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच गोष्टी निघाल्या: पहिल्या चार दिवसांत पाणी, आणि शेवटच्या दोन दिवसांत रेणूतली रिंग. फार्मसी किंवा बायोटेकच्या प्रोजेक्टसाठी हे करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आकड्यांसकट लिहितो आहोत.

आधी रिंगेबद्दल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लोव्हास्टॅटिनच्या रेणूत २४ कार्बन, ३६ हायड्रोजन आणि ५ ऑक्सिजन, रेणुभार ४०४.५. मधे एकमेकींना चिकटलेल्या दोन कार्बनी रिंगा, एका बाजूला मिथाइलब्युटिरेटची आखूड शेपटी, दुसऱ्या बाजूला लॅक्टोनची रिंग. या लॅक्टोनमध्ये पाण्याचा एक रेणू शिरला की रिंग उघडते आणि हायड्रॉक्सी आम्ल तयार होतं. ते पाणी निघून गेलं की रिंग पुन्हा मिटते. कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमला रोखतो तो उघडा रेणू; मिटलेला नाही. बुरशी मुख्यतः उघडा रेणू बनवते, आणि बाटलीत विकत मिळणारं शुद्ध लोव्हास्टॅटिन मिटलेलं असतं. त्यामुळे एकाच फ्लास्कमध्ये एकाच औषधाची दोन रूपं सापडतात. एक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं सॉल्व्हंटकडे. हे ध्यानात नसेल तर निम्मं औषध सिंकमध्ये जातं आणि वहीत ‘उत्पादन कमी’ अशी नोंद होते.

बुरशीचं कल्चर राष्ट्रीय संग्रहातून मागवावं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह नाशिकला सगळ्यात जवळचा. चंदीगडचा एमटीसीसीही आहे. मातीतून स्वतः वेगळी केलेली टेरियस वापरायचा मोह होतो, पण या जातीचे सगळे वाण लोव्हास्टॅटिन बनवत नाहीत, आणि बनवणाऱ्यांतही प्रमाण फार वेगवेगळं असतं. शिवाय ही बुरशी प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या फुप्फुसात शिरू शकते, आणि अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं मोठं औषध तिच्यावर नीट चालत नाही. म्हणून बीजाणूंचं काम कायम सेफ्टी कॅबिनेटमध्ये, मास्क लावून. साधा लॅमिनार कक्ष हवा आपल्याच तोंडावर फेकतो. तो इथे उपयोगाचा नाही.

बटाटा-डेक्स्ट्रोज अगारच्या तिरप्या नळ्यांवर २८ अंशाला सहा-सात दिवसांत दालचिनीच्या रंगाची मखमल पसरते. रंग फिका किंवा पांढुरका राहिला तर बीजाणू धरलेले नाहीत, आणखी दोन दिवस थांबावं. मग नळीत ०.१ टक्का ट्वीन ८० (साबणासारखं द्रव्य) घातलेलं निर्जंतुक पाणी ५ मिलि ओतून लूपने हलकेच खरवडायचं. ट्वीन नसेल तर बीजाणू पाण्यावर तरंगतात, भिजतच नाहीत. मोजणी हिमोसायटोमीटरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या काचपट्टीवर. दहापट पातळ केलेल्या नमुन्यात कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनांची सरासरी १०० आली, तर १०० गुणिले १०,००० गुणिले १०, म्हणजे मिलिलिटरला एक कोटी बीजाणू. आम्ही हेच प्रमाण धरतो आणि १० ग्रॅम कोंड्याला असं १ मिलि घालतो.

आता कोंडा. घरगुती चक्कीत कोंडा वेगळा होत नाही, सगळा पिठातच जातो. आपल्याला हवा तो रवा-मैद्याच्या रोलर मिलचा. दुकानात घेताना ‘नुसता कोंडा’ असं स्पष्ट सांगून घ्यावा, कारण त्याच थप्पीत पेंड, मीठ, युरिया मिसळलेली पोतीही असतात. नायट्रोजन जास्त झाला की बुरशी जोमाने वाढते, फ्लास्क बघायला सुंदर दिसतो आणि लोव्हास्टॅटिन मात्र निघत नाही. बारीक भुकटी चाळून टाकावी. साधारण १ ते २ मिलिमीटरचे पापुद्रे ठेवावेत. भुकटी राहिली तर वाफ दिल्यावर तिची खळ होते आणि हवा अडते. घोटीच्या भाताच्या गिरण्यांतून मिळणारी तांदळाची कणीही आम्ही वापरून पाहिली. तिच्यावर बुरशी येते, पण कणी शिजून गोळा होतो आणि गोळ्याच्या आत काहीच वाढत नाही. कणी वापरायचीच तर कोंड्यात पाव भागापर्यंत, त्याच्या वर नको.

पाण्याचा हिशोब अंदाजाने करू नये. पाच ग्रॅम कोंडा १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून त्यातला ओलावा आधी काढावा. समजा ११ टक्के निघाला. म्हणजे १० ग्रॅम कोंड्यात कोरडा माल ८.९ ग्रॅम. एकूण ओलावा ६५ टक्के हवा असेल तर कोरडा माल ३५ टक्के, म्हणजे एकूण वजन ८.९ भागिले ०.३५, साधारण २५.४ ग्रॅम. घालायचं पाणी १५.४ मिलि. त्यातलं १ मिलि बीजाणूंसोबत येणार, म्हणून बाकीचं पाणी, म्हणजे क्षारांचं द्रावण, १४.४ मिलि. अनेक जण १० ग्रॅमला सरळ ६.५ मिलि पाणी घालतात आणि त्याला ६५ टक्के म्हणतात. तो कोंडा खरं तर ४६ टक्क्यांवर असतो. बुरशी दोन दिवस रेंगाळते आणि चौथ्या दिवशी सुकून जाते. उलट ७५ टक्क्यांच्या पुढे गेलं की पापुद्र्यांमधल्या फटी पाण्याने भरतात, खाली प्राणवायू पोचत नाही, आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. तो वास बॅसिलस या जिवाणूचा. पावसाळ्यात पोतंच ओल धरतं. जूनमध्ये काढलेला आकडा ऑगस्टला लावू नये. दर पोत्याला ओलावा नव्याने मोजावा.

हाताने खात्री करायची एक सोपी खूण आहे. भिजवलेला कोंडा मुठीत दाबावा. लाडू बांधला गेला पाहिजे, बोटांच्या फटीतून पाणी निघता कामा नये, आणि अंगठ्याने टोचल्यावर लाडू फुटला पाहिजे.

भिजवल्यावर अर्धा तास थांबूनच ऑटोक्लेव्हला लावावा, २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये १० ग्रॅम, कापसाचा बोळा घट्ट. कोरड्या गुठळीत वाफ शिरत नाही आणि बॅसिलसचे बीजाणू आतमध्ये जिवंत राहतात. १२१ अंश, ३० मिनिटं. माध्यमांसाठी नेहमी लावतो ती १५ मिनिटं कोंड्याला पुरत नाहीत. गार झाल्यावर फ्लास्क तळहातावर आपटून कोंडा मोकळा करायचा, बीजाणू घालायचे, पुन्हा हलवून सगळीकडे लावायचे.

तापमान २८ अंश. हे लिहायला सोपं आहे, पण नाशकात वर्षातून दोनदा त्रास देतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली येतो. त्यात रात्री लाईट गेली तर सकाळपर्यंत कोंडा गार पडलेला असतो आणि एक दिवस वाया जातो. एप्रिल-मे त्याहून वाईट. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करू शकत नाही. खोलीतच ३६ अंश असतील तर काट्यावर २८ लावून काही होत नाही. उन्हाळ्यात थंड करणारा बीओडी इनक्युबेटरच हवा. त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशीची स्वतःची उष्णता कोंड्यात साठते, म्हणून थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नये. तळाशी पाण्याचा ट्रे ठेवावा. दिवसातून एकदा फ्लास्क हलवून कोंडा मोकळा करावा, पण पहिले ३६ तास हात लावू नये; कोवळे तंतू तुटतात.

पहिल्या तीन दिवसांत बुरशी नुसती वाढते. लोव्हास्टॅटिन सुरू होतं ते वाढ मंदावल्यावर. साखर सहज मिळत असेल तर ते काम ती पुढे ढकलते, म्हणून ग्लुकोज ओतून ‘ताकद’ देणं उलटं पडतं. कोंड्यातला स्टार्च हळूहळू फुटतो तेच बरं. पूरक कार्बन द्यायचाच तर लॅक्टोज किंवा ग्लिसरॉल द्यावं. बुरशीच्या आतलं काम थक्क करणारं आहे. एक मोठं एन्झाइम ॲसिटेटचे नऊ तुकडे एकापुढे एक जोडत साखळी बनवतं, तिलाच वळवून जोड रिंगा तयार होतात. मिथाइलब्युटिरेटची शेपटी दुसरं एन्झाइम वेगळीकडे बनवतं आणि तिसरं ती आणून चिकटवतं. हे तिसरं एन्झाइम प्रयोगशाळेत सुधारून आता सिमव्हास्टॅटिन हे लोव्हास्टॅटिनचं भावंड बनवण्यासाठी वापरतात.

फ्लास्क रोज उजेडात धरून बघावा. मधेच हिरवा ठिपका दिसला तर पेनिसिलियम किंवा ट्रायकोडर्मा ही परकी बुरशी शिरली. तेवढा भाग काढून बाकीचा वाचवू, असं करू नये. बोळा न काढता अख्खा फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये.

आठव्या दिवशी बॅच थांबवायची. दहा-बारा दिवस ठेवून फारसा फायदा दिसत नाही. पिवळी-तपकिरी रंगद्रव्यं मात्र वाढतात. कोंडा ५० अंशाला वाळवून मिक्सरमध्ये दळावा, तोही कॅबिनेटमध्ये, कारण त्या भुकटीत बीजाणूच बीजाणू असतात.

इथून पुढे प्रश्न रिंगेचा. उघडा रेणू तटस्थ पाण्यात विद्युतभारित असतो आणि इथाइल ॲसिटेटमध्ये जायला तयार नसतो. म्हणून एक ग्रॅम भुकटी थोड्या पाण्यात कालवून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ३ वर आणायचा, मगच १० मिलि इथाइल ॲसिटेट घालून दोन तास शेकरवर ठेवायचं. पीएच न बघता काढलेला अर्क आणि ३ वर आणून काढलेला अर्क शेजारी ठेवले तर फरक एचपीएलसीच्या (अर्कातली द्रव्यं कॉलममधून वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर ठळक दिसतो. कोंड्यातलं तेलही सोबत येतं. अर्क हेक्झेनने धुतला तर लोव्हास्टॅटिनही थोडं निघून जातं, तेव्हा तेल सहन करावं आणि कॉलमपूर्वी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावं. सॉल्व्हंट निर्वात दाबाखाली, ४५ अंशाच्या आत उडवायचा. उरलेला इथाइल ॲसिटेट ज्वलनशील कचऱ्याच्या कॅनमध्ये, सिंकमध्ये नाही.

वाळलेला अर्क ॲसिटोनायट्रिलमध्ये विरघळवावा. मिथेनॉल स्वस्त म्हणून सुरुवातीला आम्ही तेच वापरलं. आम्लाचा अंश असलेल्या अर्कात मिथेनॉल घालून रात्रभर ठेवला की उघड्या रेणूशी त्याचा मिथाइल एस्टर बनतो, आणि सकाळी आलेखावर कुठल्याच स्टँडर्डशी (तुलनेच्या शुद्ध नमुन्याशी) न जुळणारं तिसरं शिखर उभं असतं. ती बुरशीची नवी देणगी नसते, आपणच केलेली भेसळ असते.

एचपीएलसीला सी-१८ कॉलम, ॲसिटोनायट्रिल आणि ०.१ टक्का फॉस्फोरिक आम्ल ६०:४०, मिनिटाला १ मिलि, २३८ नॅनोमीटर. उघडं रूप आधी बाहेर येतं, मिटलेलं नंतर. मिटलेल्याचं स्टँडर्ड विकत मिळतं. उघड्याचं आपणच करायचं. ४ मिग्रॅ लोव्हास्टॅटिन ०.१ मिलि इथेनॉलमध्ये, त्यावर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ०.१५ मिलि, ५० अंशाला दोन तास, मग आम्लाने पीएच ७.२. हिशोब पडताळून बघा: ४ मिग्रॅ म्हणजे ९.९ मायक्रोमोल, अल्कली १५ मायक्रोमोल, म्हणजे दीडपट. लोव्हास्टॅटिन दुप्पट घेतलं तर अल्कलीही दुप्पट लागते. ते विसरलं की जवळपास पाव भाग रेणूंची रिंग मिटलेलीच राहते आणि स्टँडर्डच खोटं ठरतं. पीएच जुळवताना फार खाली गेलात तर उघडलेली रिंग हळूहळू पुन्हा मिटायला लागते.

ओळख पटवायला नुसती वेळ जुळणं पुरत नाही. लोव्हास्टॅटिनच्या वर्णपटाला २३०, २३८ आणि २४७ नॅनोमीटरच्या आसपास तीन टोकं असतात, मधलं सगळ्यात उंच. टेरियस सुलोक्रिन, ब्युटिरोलॅक्टोन अशी इतरही द्रव्यं सोडते, त्यांना ही तीन टोकं नसतात. आलेखावरच्या दोन्ही रूपांच्या शिखरांचं क्षेत्रफळ मोजून बेरीज करायची. एकच मोजलं तर आकडा अर्धवट.

समजा १ ग्रॅम भुकटीच्या १० मिलि अर्कात दोन्ही रूपं मिळून मिलिलिटरला ८५ मायक्रोग्रॅम निघाली. म्हणजे ग्रॅमला ०.८५ मिग्रॅ, आणि २० मिग्रॅच्या एका गोळीइतकं औषध साधारण साडेतेवीस ग्रॅम भुकटीत. हा हिशोब कळल्यावर विद्यार्थी हमखास विचारतात, मग ही भुकटी खाल्ली तर? अजिबात नाही. टेरियसचे काही वाण सिट्रिनिन, पॅट्युलिन यांसारखी विषं बनवतात. सिट्रिनिन मूत्रपिंडाला मारतं. ऑनलाइन मिळणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळाचीही हीच भीती. त्यातला मोनाकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच. मोनॅस्कस ही बुरशी ते बनवते आणि तिचे काही वाण सिट्रिनिनही बनवतात. युरोपीय संघाने २०२२ मध्ये अशा पूरक पदार्थांत दिवसाला ३ मिग्रॅपेक्षा कमी मोनाकोलिन असावं असा नियम केला. ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या डबीत किती मिग्रॅ आहे हे डबी सांगत नसेल, तर ते मात्रा न लिहिलेलं स्टॅटिन, म्हणजे लोव्हास्टॅटिनच्या कुळातलं औषध, आहे.

गंमत म्हणजे या औषधाच्या शोधाच्या वाटेत सिट्रिनिन पहिल्यांदाच आडवं आलं होतं. जपानच्या सांक्यो कंपनीत अकिरा एन्दो यांनी १९७१ पासून हजारो बुरश्या तपासल्या, आणि कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमला रोखण्याची ताकद असलेलं जे द्रव्य आधी सापडलं ते सिट्रिनिन निघालं. विषारी म्हणून सोडावं लागलं. मग १९७३ मध्ये क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या पेनिसिलियम सिट्रिनममधून कॉम्पॅक्टिन मिळालं, २३ कार्बनचं. मर्क कंपनीने टेरियसमधून काढलेल्या लोव्हास्टॅटिनमध्ये एक मिथाइल जास्त, २४ कार्बन. १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि बाजारात आलेलं ते पहिलं स्टॅटिन. शेपटीवर आणखी एक मिथाइल चढवलं की २५ कार्बनचं सिमव्हास्टॅटिन. आमच्या कॉलमवरही तीच क्रमवारी दिसते, जास्त कार्बनवाला मागून येतो. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले, आणि कोलेस्टेरॉल उतरवून जीव वाचतो का या वादावर पडदा पडला. आज आपल्याकडे बहुतेकांना मिळतं ते ॲटॉरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. ती दोन्ही बुरशीविना, पूर्ण रासायनिक पद्धतीने बनतात, आणि त्यांच्यात रिंग आधीच उघडी असते.

लोव्हास्टॅटिनची रिंग गोळीत मिटलेली असते, ती यकृतात उघडते. उघडा रेणू एचएमजी-कोए रिडक्टेज या एन्झाइमच्या जागेत जाऊन बसतो, कारण त्याची ती बाजू एन्झाइमच्या नेहमीच्या खाद्यासारखी दिसते. यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनलं की पेशी रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पकडणारे रिसेप्टर वाढवतात, आणि रक्तातला आकडा उतरतो. गोळी रात्रीच्या जेवणासोबत: शरीर कोलेस्टेरॉल जास्त रात्री बनवतं, आणि उपाशीपोटी लोव्हास्टॅटिन जेवणाच्या तुलनेत दोन-तृतीयांशच रक्तात पोचतं. मात्रा दुप्पट केली म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं. गोळी सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी कोलेस्टेरॉलची तपासणी. गरोदरपणात सहसा देत नाहीत.

लोव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन शरीरातून बाहेर काढण्याचं काम सीवायपी३ए४ हे एन्झाइम करतं, आणि ते अडवणारी औषधं आपल्या रोजच्या चिठ्ठ्यांत असतात. पावसाळ्यात नायट्यासाठी घराघरांत इट्राकोनाझोल सुरू होतं. ते आणि ही दोन स्टॅटिन एकत्र घ्यायचीच नाहीत. बुरशीपासून आलेलं औषध आणि बुरशीवरचं औषध यांची गाठ स्नायूंत पडते: साचलेलं स्टॅटिन स्नायूंना इजा करतं. क्लॅरिथ्रोमायसिनचंही तसंच. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर सिमव्हास्टॅटिन २० मिग्रॅच्या वर जाऊ नये. त्वचेच्या डॉक्टरांना स्टॅटिनची गोळी दाखवायला लोक विसरतात, कारण ती ‘हृदयाची’ म्हणून वेगळ्या डबीत असते.

पत्रकावर ग्रेपफ्रूट टाळा असं असतं. नाशकात यावरून द्राक्षं बंद करणारी माणसं आहेत. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, ते पपनसाच्या जातीचं मोठं लिंबूवर्गीय फळ. त्याचा रस आतड्यातलं हेच एन्झाइम अडवतो. द्राक्षं खुशाल खावीत. पपनस मात्र ग्रेपफ्रूटचाच नातेवाईक, तेव्हा त्याचा रस रोज पेलाभर नको.

अंग दुखलं की गोळीवर आळ येतो. २०२० च्या एका चाचणीत स्टॅटिनने दुखतं म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना आलटून-पालटून स्टॅटिन आणि खोटी गोळी दिली, तेव्हा त्रासाचा ९० टक्के भाग खोट्या गोळीवरही होता. म्हणून आपल्या मनाने गोळी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगून सीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी करावी. पण दोन्ही मांड्या-खांदे ठणकत असतील, जिना चढताना पाय उचलत नसतील आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली असेल, तर गोळी त्याच क्षणी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि गेल्या महिनाभरात घेतलेली सगळी औषधं पिशवीत घालून सोबत न्यावीत, नायट्याच्या कॅप्सूलसकट.